जड आलमारी, हलकी चकती

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या घरांत जड सामान वर्षातून तीनदा तरी जागचं हलतं. होळी झाली, ऊन चटके देऊ लागलं की मागच्या खोलीत झाकून ठेवलेला कूलर खिडकीशी आणायचा. भाद्रपदात ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांना पुढची खोली मोकळी करावी लागते; दिवाण आत जातो, सोफा भिंतीला लागतो, शोकेस दुसऱ्या कोपऱ्यात जातं. दसरा उलटला की दिवाळीची आवराआवर. कूलर आणि महालक्ष्म्या यांना तारीख असते, म्हणून ती कामं कशीही करून होतात. दिवाळीच्या सफाईत मात्र एक वस्तू हमखास जागेवरच राहते, ती म्हणजे लोखंडी आलमारी. रंगारी तिच्या कडेकडेनं ब्रश फिरवतो आणि मागची भिंत जुन्याच रंगाची राहते.

त्या न हललेल्या आलमारीमागे काय काय चालतं याची यादी फार सुखाची नाही. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल तिथे सुकत नाही, कारण हवा खेळत नाही. ओलीमुळे पाठीचा पत्रा खालून गंजतो. झुरळं आणि विंचू यांना अंधार आणि आडोसा दोन्ही मिळतं. शेजारी लाकडी कपाट असेल तर वाळवीचा मातकट माग भिंतीवरून चढतो. यवतमाळ जिल्हा सागवानाचा. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण आजच्या कपाटांची पाठ प्लायवुडची किंवा भुशाच्या पाटीची असते आणि ती वाळवीला फार आवडते. माग दिसेपर्यंत आतल्या साड्या, सातबाराचे उतारे, मुलांची प्रमाणपत्रं यांचं नुकसान झालेलं असतं.

आलमारी का हलवली नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: चार माणसं मिळाली की बघू. ती चार माणसं मिळत नाहीत. मुलं पुण्याला किंवा नागपूरला असतात, शेजारचा माणूस शेतात असतो, घरात दोन बायका आणि एक म्हातारा माणूस. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते याच घरासाठी आहे. चार माणसं लागतात ती उचलायला. त्याच खोलीत दोन हात इकडे-तिकडे करायची असेल तर आलमारी उचलायची गरजच नसते, आणि पायाखाली योग्य वस्तू, म्हणजे सरकवायची चकती किंवा स्लायडर, घातली तर आलमारी सरकवायला एक किंवा दोन माणसं पुरतात.

वजनाशी नव्हे, घासण्याशी

जमिनीवरची वस्तू आडवी सरकवताना आपण तिच्या वजनाशी लढत नसतो. वजन फरशी पेलतेच आहे. आपल्याला फक्त पाय आणि फरशी यांच्यातल्या घर्षणावर मात करायची असते, आणि हे घर्षण म्हणजे वजनाचा एक भाग असतो. लिओनार्दो दा विंचीनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत यावर टिपणं केली होती. त्याच्या मते हा भाग वजनाच्या एक चतुर्थांश. त्या वह्या कित्येक पिढ्या बंदच राहिल्या. 1699 मध्ये गियोम आमाँताँ या फ्रेंच संशोधकानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तेच नियम पुन्हा मांडले. लहानपणीच श्रवणशक्ती गमावलेला हा माणूस उपकरणं बनवण्यात पटाईत होता. त्याच्या हिशेबानं हा भाग एक तृतीयांश होता. पण अकादमीला जास्त खटकली ती त्याची दुसरी गोष्ट: घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नाही. वीट आडवी ठेवा की उभी, ती ओढायला सारखाच जोर लागतो. हे कोणालाच पटेना, म्हणून अकादमीतल्या द ला हीर यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले. आमाँताँ बरोबर निघाला.

क्षेत्रफळाचं हे कोडं उलगडायला विसावं शतक यावं लागलं. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी दाखवलं की कितीही गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात काही सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. वस्तू मोठ्या क्षेत्रावर पसरली तर दाब कमी होतो आणि प्रत्येक उंचवटा कमी चेपला जातो. लहान क्षेत्रावर आली तर जास्त चेपला जातो. खरोखर चिकटलेली जागा दोन्हीकडे सारखीच येते. म्हणून दुकानात मोठी चकती घेतली म्हणजे आलमारी जास्त सहज सरकेल, हा समज चुकीचा आहे. मोठ्या चकतीचा उपयोग वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

आमाँताँ आणि लिओनार्दो यांचे आकडे वेगळे का, याचं उत्तर सोपं आहे: दोघांनी वेगवेगळ्या वस्तू घासल्या. घर्षणाचा भाग कोणत्या दोन वस्तू एकमेकींना लागल्या आहेत यावर ठरतो. कोरड्या फरशीवर आलमारीचा उघडा लोखंडी पाय असेल तर साधारण वजनाच्या 40 ते 50 टक्के. पायाखाली जाड नमदा असेल तर 20 ते 30 टक्क्यांच्या आसपास. आणि पीटीएफई नावाचं प्लास्टिक असेल तर 10-15 टक्के धरून चालावं. प्रयोगशाळेत घासलेल्या चकचकीत पोलादावर तर ते त्याच्याही खाली जातं.

आता हिशेब करू. कपडे, भांडी, कागदपत्रं मिळून आलमारी 150 किलोची आहे असं धरू. उघड्या पायांवर तिला हलवायला सुमारे 67 किलो वजन उचलण्याइतका आडवा जोर लागेल. नमद्यावर 37. पीटीएफईवर 18. त्यात जड भांडी आणि गाठोडी आधी काढून वजन 80 किलोवर आणलं, तर नमद्यावर 20 आणि पीटीएफईवर जेमतेम 10.

पण हिशेबाची दुसरी बाजू बहुतेक लोक पाहत नाहीत. ढकलणाऱ्या माणसालाही फरशीचाच आधार असतो. 55 किलो वजनाची बाई कोरड्या फरशीवर अनवाणी उभी असेल तर तिच्या तळव्यांची पकड तिच्या वजनाच्या सुमारे 60 टक्के धरता येते, म्हणजे 33 किलो. त्याहून जास्त जोर लावला तर आलमारी नव्हे, तिचेच पाय मागे सरकतात. तिच्या दंडात कितीही ताकद असो, उघड्या पायांवरची, 67 किलोचा जोर मागणारी आलमारी ती एकटी ढकलू शकत नाही. फरशी नुकतीच पुसलेली असेल तर तळव्यांची पकड निम्म्यावर येते. ‘बायकांना हे जमत नाही’ असं ज्याला म्हणतात ते पुष्कळदा तळव्याच्या पकडीचं गणित असतं. चकती हे गणित एका बाजूनं बदलते. दुसऱ्या बाजूनं आपण बदलायचं: फरशी पूर्ण कोरडी, पायात मोजे नकोत, रबरी तळाची चप्पल किंवा बूट असेल तर उत्तम.

आणखी एक अनुभव सगळ्यांचा असतो. सुरुवातीला आलमारी अजिबात हलत नाही आणि एकदा सुटली की मग सहज जाते. थांबलेल्या वस्तूचं घर्षण चालत्या वस्तूपेक्षा जास्त असतं. 1780 च्या सुमारास शार्ल-ऑगस्तँ कुलाँ यानं, ज्याचं नाव आपण शाळेत विजेच्या नियमामुळे ऐकतो, लाकडी घसरगाड्यांवर जड वजनं ठेवून प्रयोग केले. वस्तू जितका वेळ एका जागी राहते तितकं तिला सुरुवातीला हलवणं कठीण होतं, हे त्याच्या आकड्यांत दिसलं. वर्षानुवर्षं न हललेल्या आलमारीत तर यात गंज, जुना रंग आणि फिनाइलच्या पाण्याचा वाळलेला थर यांचीही भर पडते. त्यामुळे चकत्या घालण्यापूर्वी आलमारी एकदा थोडी उचकटून सोडवणं गरजेचं असतं.

नळाची टेप आणि पुलाचा पाया

हे पीटीएफई दिग्रसच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात आहे, फक्त वेगळ्या रूपात. नळ जोडताना प्लंबर आट्यांवर जी पांढरी, पातळ टेप गुंडाळतो, ती हीच. टेफ्लॉन या नावानं आपण तिला ओळखतो. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतले रसायनतज्ज्ञ रॉय प्लंकेट शीतकरणाचा वायू शोधत होते. भरलेल्या नळकांड्यातून वायू बाहेर येईना, पण नळकांड्याचं वजन तर कायम होतं. ते कापून पाहिल्यावर आत पांढरी, मेणचट पूड निघाली. वायूचे रेणू आपसांत जोडले जाऊन एक असं प्लास्टिक तयार झालं होतं ज्याला जवळपास काहीच चिकटत नाही.

आज ते मोठ्या पुलांखाली बसतं. थंडीत पहाटे 10 अंश आणि मे महिन्यात 45 अंशांपलीकडे, असा विदर्भाचा पारा. 50 मीटर लांबीचा गर्डर 40 अंशांच्या फरकानं दोन ते अडीच सेंटिमीटर लांबतो किंवा आखडतो. त्याला सरकायला जागा दिली नाही तर तो खांबांना ढकलतो आणि तडे जातात. म्हणून गर्डर आणि खांब यांच्यामध्ये पोलादाच्या गुळगुळीत पत्र्यावर पीटीएफईची पाटी टेकवतात. शेकडो टनांचा भार तिच्यावर दिवसातून एकदा मिलिमीटर-मिलिमीटरनं पुढेमागे होतो. आपल्या आलमारीखालची चकती हा त्याच युक्तीचा छोटा भाऊ म्हणता येईल.

बाजारात मिळणाऱ्या स्लायडरमध्ये दोन जाती असतात आणि त्यांची गल्लत होते. एक कडक, वाटीसारखी वळलेली, तळाला चकचकीत प्लास्टिक किंवा पीटीएफई. ही मूळ गालिच्यासाठी बनवलेली. युरोप-अमेरिकेतल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो, त्यात पाय रुततो, म्हणून कडक आणि गोल कडेची चकती लागते. दुसरी जात नमद्याच्या तळाची, कठीण फरशीसाठी. आपल्याकडे गालिचा क्वचितच. ऑनलाइन मागवताना बरेच जण पहिली जात घेतात. ती फरशीवर सरकते खरी, पण कडेखाली एखादा खडा सापडला की तो चकतीखालून फरशी ओरबाडत जातो. नमदा असे कण काही प्रमाणात पोटात घेतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं की दिग्रससारख्या गावातल्या घरासाठी नमद्याच्या जाड चकत्या घ्याव्यात आणि पीटीएफई फक्त तिथे वापरावं जिथे फरशी एकसंध, गुळगुळीत आणि नुकती झाडलेली आहे.

काही विकत घ्यायचं नसेल तर जुनी सतरंजी किंवा वाकळ पुरेशी आहे. आलमारीचे पुढचे दोन पाय आणि मग मागचे दोन पाय तिच्या घडीवर आणायचे आणि आलमारी न ढकलता सतरंजीच ओढायची. यात एक मोठा फायदा दडलेला आहे: जोर अगदी फरशीच्या उंचीवर लागतो, त्यामुळे आलमारी उलटण्याचा धोका सगळ्यात कमी. तागाचं बारदान मात्र गुळगुळीत टाइल्सवर तितकं चालत नाही; त्याचे खरखरीत धागे अडतात. सुती, घट्ट विणीचं कापड सरस.

फरशी बघून ठरवा

दिग्रसच्या एकाच घरात कधी कधी तीन प्रकारची जमीन सापडते. पुढे विट्रिफाइड टाइल्स, मधल्या खोलीत शहाबादी, मागे स्वयंपाकघराबाहेर कोबा किंवा सारवलेली माती. तिन्ही ठिकाणी एकच चकती चालत नाही.

शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, आणि कोटा राजस्थानची. दोन्ही चुनखडीचे दगड. चुनखडी मऊ असते, घरातल्या लोखंडी चमच्यानंही तिच्यावर रेघ उमटते. त्यामुळे उघडा लोखंडी पाय ओढला तर शहाबादीवर कायमचा पांढरा ओरखडा राहतो. टाइल्सचं वरचं आवरण बरंच कठीण असतं, पण वाळूचा कण त्यालाही भारी पडतो. म्हणून सरकवण्याआधी केरसुणी आणि मग कोरडं फडकं, यात कंजूषी नको.

टाइल्सची खरी अडचण वेगळी आहे आणि ती या मुलखाच्या मातीतून येते. यवतमाळ जिल्ह्याच्या कापसाच्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा पाया पुरेसा खोल नसेल किंवा भरावात हीच माती घातली असेल तर फरशी दरवर्षी थोडी वर-खाली होते. काही वर्षांत दोन टाइल्सच्या कडा एका पातळीत राहत नाहीत. बोटाला जेमतेम जाणवणारी ती पायरी चकतीला मात्र भिंतीसारखी अडते. इथे मोठ्या चकतीचा उपयोग कळतो: घर्षण कमी होत नाही, पण रुंद चकती सांध्यात रुतत नाही, आणि कड थोडी वर वळलेली असेल तर ती पायरीवर चढते. त्याहून सोपा उपाय म्हणजे उंचवट्यावर जाड पुठ्ठा किंवा 3 मिलिमीटरची प्लायवुडची पट्टी टाकून वाट सपाट करणं.

वाटेतली प्रत्येक टाइल आधी मुठीनं किंवा नाण्यानं वाजवून पाहावी. पोकळ वाजली तर तिच्याखाली माल भरलेला नाही. 150 किलोची आलमारी चार पायांवर उभी असते, म्हणजे एका पायावर जवळपास 37 किलो, तेही दोन बोटांइतक्या जागेत. सरकताना एखादा पाय अधांतरी झाला तर शेजारच्यावर दुप्पट. पोकळ टाइल अशा वेळी फुटते. काही जण आलमारी एका कोपऱ्यावर कलती करून फिरवत फिरवत नेतात. जिनिंग-प्रेसिंगमधली कापसाची 170 किलोची गाठ अशी फिरवता येते, कारण खाली जाड कोबा असतो आणि गाठ दाबली तरी तिला काही होत नाही. घरातल्या टाइल्सवर तीच पद्धत म्हणजे सगळा भार एका टोकावर. ती करू नये.

सारवलेल्या किंवा कच्च्या जमिनीवर चकत्यांचा काहीच उपयोग नाही. तिथे पाय घासत नाही, रुततो, आणि पुढे मातीचा ढीग साचत जातो. इजिप्तमधल्या देर एल-बर्शा इथल्या जेहुतिहोतेप याच्या कबरीत, इसवी सनापूर्वी 1900 च्या आसपासचं एक भित्तिचित्र आहे. त्यात प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधला आहे, दोरखंडांना रांगेनं माणसं जुंपली आहेत आणि घसरगाडीच्या टोकाशी उभा असलेला एक जण समोरच्या वाळूवर पाणी ओततो आहे. हा बराच काळ धार्मिक विधी मानला गेला. 2014 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी वाळूवर प्रयोग करून दाखवलं की पाणी योग्य मापात घातलं तर वाळू घट्ट होते, घसरगाडीपुढे ढीग साचत नाही आणि ओढायचा जोर जवळपास निम्म्यावर येतो; पाणी जास्त झालं तर उलट परिणाम होतो. आपल्याला सारवलेल्या जमिनीवर पाणी ओतायचं नाही, पण धडा तोच आहे: मऊ जमिनीवर आधी कठीण वाट करा. दोन लांब फळ्या टाका आणि त्या फळ्यांवरून सरकवा. फळ्यांवर लोखंडी पाइपचे तुकडे आडवे ठेवले तर आणखी सोपं.

जुन्या घरातला उंच उंबरठा याच फळ्यांनी ओलांडता येतो, पण इथे एक इशारा. घर्षण फक्त 10 टक्के असेल तर दहा फुटांत एक फूट चढ असलेल्या उतारावर वस्तू आपोआप निसटू लागते. चढ त्याहून जास्त असला तर ती थांबवणं अवघड. म्हणून उतारावर नेताना चकत्या काढाव्यात, किंवा कापडाच्या घडीवरून दोन माणसांनी, एकानं वरून दोरीनं धरून न्यावं. खाली कोणी उभं राहू नये.

चकती घालायची कशी

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. पायाखाली चकती घालायला आलमारी थोडी उचलावी लागणारच. पण एका वेळी एकच कड, आणि हातानं नव्हे, सब्बलीनं.

चार फुटी सब्बल घ्या. आलमारीच्या तळाजवळ लाकडाचा ठोकळा ठेवा, ठोकळ्याखाली टाइल वाचवायला प्लायवुडचा तुकडा. सब्बलीचं टोक तळपट्टीखाली घालून ठोकळ्यावर टेकवा, टोकापासून ठोकळा दहा सेंटिमीटरवर. मागच्या हातापर्यंत उरलेली लांबी एकशे दहा सेंटिमीटर, म्हणजे अकरापट फायदा. आलमारीची एक कड उचलायची म्हणजे निम्मं वजन, 75 किलो. त्याला सब्बलीच्या मागच्या टोकाला जेमतेम सात किलोचा जोर पुरतो. घरातली कोणतीही व्यक्ती तो लावू शकते. एकानं सब्बल दाबून धरायची, दुसऱ्यानं चकती सरकवायची, आणि तीही हातानं नव्हे, लाकडी पट्टीनं ढकलून. सब्बल निसटली तर पट्टी तुटेल, बोटं वाचतील. पट्टी घालण्यापूर्वी टॉर्चनं खाली पाहून घ्यावं. पावसाळ्यानंतर तिथे विंचू असणं नवलाचं नाही.

त्याआधी आलमारीची वरची फळी मोकळी करावी. उंचावर भार असेल तर कड उचलताना ती डोलते. दारं कुलूप लावून, वर दोरीचा एक वेढा देऊन बंद करावीत. दार मध्येच उघडलं तर तोल अचानक पुढे जातो.

आता ढकलायचं कुठून? आलमारीची खोली साधारण 48 सेंटिमीटर असते. ती समोरून ढकलली तर किती उंचीवर जोर लावल्यावर ती सरकण्याऐवजी उलटेल, हे काढता येतं: खोलीचा निम्मा भाग भागिले घर्षणाचा भाग. उघड्या पायांवर, 0.45 धरला तर 53 सेंटिमीटर. म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर हात लावला की ती मागे कलायला लागते, आणि आपण तर छातीशी हात लावतो. नमद्यावर ती उंची 96 सेंटिमीटरपर्यंत जाते, पीटीएफईवर आलमारीच्या माथ्यापर्यंत. आणि बाजूनं, म्हणजे रुंदीच्या दिशेनं ढकलली तर आणखी सुरक्षित, कारण पाया जवळपास दुप्पट रुंद असतो. पण हे सगळं चकती मोकळी सरकत असेल तोवर. एखाद्या सांध्यात ती अडली की हिशेब मोडतो. म्हणून चकती असो वा नसो, हात गुडघ्याच्या उंचीवर, कंबर नव्हे गुडघे वाकवून, झटका न देता सावकाश जोर वाढवत न्यावा.

उचलण्याचा आग्रह सोडा, असं मी इतक्या ठामपणे म्हणतो त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं 1991 मध्ये ठरवलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असताना, एका माणसानं उचलण्याचं सुरक्षित वजन 23 किलो धरलं आहे. 1967 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं प्रौढ पुरुष कामगारासाठी 55 किलोच्या कमाल मर्यादेची शिफारस केली. आपल्या राज्यात 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला, तो अशाच पाठीवर जगणाऱ्या माणसांच्या हक्कांसाठी. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांच्यासाठीही मर्यादा लागते; आपण वर्षातून एकदा, सवय नसताना, अरुंद जागेत, अर्धवट वाकून आलमारीचा कोपरा धरतो. चार माणसांत 150 किलो म्हणजे प्रत्येकी 37, तेही सारखं वाटलं गेलं तर. ते कधीच सारखं वाटलं जात नाही.

इतर वस्तू

दिवाण आणि सोफ्याला चकत्या लावण्याचा फायदा फरशीपेक्षा त्या वस्तूला जास्त होतो. पाय फरशीवर अडतो आणि वरचा भाग पुढे जातो, तेव्हा पाय स्वतःच सब्बलीसारखा वागतो आणि वरचा सांधा उचकटतो. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या वेळी ओढत आत-बाहेर नेलेला दिवाण काही वर्षांनी करकरायला लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

फ्रिजला सहसा चकत्यांची गरज नसते. बऱ्याच फ्रिजच्या मागच्या बाजूला लहान चाकं असतात आणि पुढचे दोन पाय आटे फिरवून वर-खाली होतात. पुढचे पाय पूर्ण आत फिरवले की फ्रिज किंचित मागे झुकवून चाकांवर ओढता येतो. हे न कळल्यामुळे पुष्कळ घरांत फ्रिज घासत नेला जातो.

कूलरची गोष्ट वेगळी. प्लग काढल्याशिवाय त्याला हात लावू नये. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचे शॉक लागून होणारे अपघात नवे नाहीत. 60 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 60 किलो, म्हणून आधी पाणी काढायचं. स्टँडच्या पायांना नमदा लावू नये. टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्यानं तो भिजून सडतो, आणि गुळगुळीत प्लास्टिक लावलं तर पंख्याच्या थरथरीनं स्टँड हळूहळू जागा सोडतो. कूलर नेताना खाली कापड, आणि जागेवर बसवल्यावर पायांना रबरी बूच, हे ठीक.

हालचाल झाल्यावर आलमारीखालच्या पीटीएफईच्या चकत्या काढून ठेवाव्यात. घरात लहान मूल असेल तर खणाच्या कडेवर पाय देऊन चढणं त्याला सहज सुचतं, आणि ज्या आलमारीचे पाय सहज निसटतात ती अशा वेळी जास्त धोक्याची. माथ्याजवळ भिंतीत एक कोनपट्टी ठोकून तिला बांधून घ्यावं. नमद्याच्या चकत्या पायाला कायम राहू द्यायच्या असतील तर त्या चिकटवायच्या नव्हे, वाटीसारख्या बसणाऱ्या किंवा खिळ्यानं ठोकायच्या घ्याव्यात. चिकटपट्टीचा गोंद उष्णतेनं मऊ होतो, आणि मे महिन्यात दिग्रसच्या बंद खोलीत आडवा जोर लागला की चकती पायाखालून निसटून बाहेर येते. लोखंडी पायाला खिळा ठोकता येत नाही, म्हणून तिथे वाटीच. चिकटपट्टीशिवाय काहीच मिळालं नाही तर तीच लावावी. आधी पाय स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडा करावा, आणि लावल्यावर एक दिवस आलमारी हलवू नये.